साडेतीन लिटर खारं पाणी

ती गाडी पहिल्यांदा माझ्या गॅरेजवर आली तेव्हा मार्च संपत आला होता आणि अमरावतीचे रस्ते दुपारी बारालाच ओस पडायला लागले होते. गाडी गडद निळी, दोन दारांची, आणि गतिरोधकावर पोट घासेल की काय असं वाटावं इतकी बुटकी. आत टर्बोचं पेट्रोल इंजिन. बडनेरा रोडवरच्या माझ्या गॅरेजमध्ये अशा गाड्या येत नाहीत. पिकअप, जीप, लग्नसराईत भाड्याने फिरणाऱ्या मोठ्या गाड्या, हेच माझं रोजचं काम. गाडीचा आवाज ऐकून आजूबाजूच्या दुकानांतली माणसंही बाहेर आली.

दार उघडून उतरल्या त्या पन्नाशी ओलांडलेल्या बाई होत्या. अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. राहायच्या अमरावतीत, पण आठवड्यातले तीन दिवस ऑपरेशनसाठी अकोल्याला जायच्या. मुलगी परदेशी गेल्यावर त्यांनी पुण्याहून ही जुनी गाडी घेतली होती. तशी गाडी त्यांना कॉलेजात असल्यापासून हवी होती, असं त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं.

"मूर्तिजापूर ओलांडलं की तापमानाचा काटा चढतो," त्या म्हणाल्या. "मग एसी बंद होतो, गाडी ओढत नाही. शोरूमवाले म्हणतात, ही थंड देशातली गाडी आहे, उन्हाळ्यात घरी ठेवा. मला घरी ठेवायची नाही. मला ती मे महिन्यात चालवायची आहे."

मी बॉनेट उघडलं. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करायला पुढे एक जाळी असते, तिला इंटरकूलर म्हणतात. तिच्या मागे एसीची जाळी आणि सगळ्यात मागे इंजिनचं पाणी थंड करणारा रेडिएटर. म्हणजे बाहेरची हवा रेडिएटरपर्यंत पोचेपर्यंत दोनदा तापलेली असते. आमच्याकडे तर मे महिन्यात बाहेरची हवाच भट्टीतून आल्यासारखी असते. मी त्यांना हे सगळं समजावलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, आणि दोन्ही बरोबर जागचे होते. मला त्या बाई आवडल्या. आणि खरं सांगायचं तर मला ते काम हवं होतं. वीस वर्षं क्लचप्लेटा बदलल्यावर माणसाला असं एखादं काम हवं असतं.

"करून देतो मॅडम," मी म्हणालो. "रेडिएटर मोठा घालावा लागेल. तयार मिळत नाही इकडे. पण अकोल्याला माझे उस्ताद आहेत. ते बनवतील."

उस्तादांबद्दल सांगायला हवं. मी हिवरखेडच्या बाजूचा. अठराव्या वर्षी अकोल्याला आलो आणि त्यांच्या रेडिएटरच्या दुकानात शिकायला लागलो. बारा वर्षं तिथे होतो. दुकानाच्या मागेच त्यांचं घर, दोन खोल्या आणि एक लिंबाचं झाड. मी जेवायचो काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझ्या लग्नात मुलाकडच्या बाजूने तेच दोघं पुढे होते. पुढे मी अमरावतीत स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा पहिला नारळही त्यांनीच फोडला.

उस्तादांचा हात तांब्या-पितळेच्या रेडिएटरवर बसलेला होता. ट्रॅक्टरचा, ट्रकचा, कसलाही गळका रेडिएटर आणा, संध्याकाळपर्यंत ते तो कोरडा करून देत. पण नव्या गाड्या ॲल्युमिनियमवर गेल्या आणि ॲल्युमिनियमला कथलाचा डाग लागत नाही, त्याला आर्गन वेल्डिंग लागतं. साठी उलटल्यावर त्यांनी मशीन घेतलं आणि एकट्याने शिकायला बसले. किती पत्रे जाळले त्याला गणती नाही. वर्षभराने त्यांचा जोड असा पडू लागला की जणू एकावर एक तिरकी मांडलेली नाणी. ते जोड ते मला मुद्दाम बोलावून दाखवत.

मी मापं घेऊन अकोल्याला गेलो. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि गाडीचा फोटो बराच वेळ पाहिला.

"कोनाची हाय?"

"डॉक्टरीणबाईची."

"बाईची?" ते हसले. "मंग चांगलीच बनवा लागते. जाड जाळीचा कोर टाकू. टाक्या मी घडवतो. तू पंख्याचं पाय."

आठ दिवसांनी मी परत गेलो तेव्हा रेडिएटर तयार होता. उस्तादांनी त्याची सगळी तोंडं बंद केली, हवेची नळी जोडली आणि तो पाण्याच्या हौदात बुडवला. आम्ही दोघं हौदाच्या काठाशी उकिडवे बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. एक बुडबुडा वर आला नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे जे झालं ते सांगताना ही गोष्ट लक्षात असू द्यावी.

रेडिएटर पोत्यात गुंडाळून देताना ते म्हणाले, "आता एक आईक. पानी डिस्टिलच टाकजो. कूलंटमंदी अर्धं डिस्टिल. आपल्या इकडलं बोअरचं टाकशीन तं वर्षभरात चाळणी होईन याची. तांबं सोसते. हे नाई सोसत."

"उस्ताद, मले माईत नाई काय हे?"

"माईत आहे, मनून तं सांगून राह्यलो."

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आधी, मी त्या गाडीवर काम करायचो. पुढचा बंपर काढला, इंटरकूलर मोठा बसवला आणि तो थोडा खाली सरकवला, म्हणजे रेडिएटरला स्वतःची हवा मिळेल. दोन जोरदार पंखे लावले आणि त्यांच्याभोवती पत्र्याचं कवच केलं. इंजिन ऑइल थंड करायला वेगळी छोटी जाळी चाकाच्या मागे बसवली. हवा बाजूने निसटू नये म्हणून सगळ्या फटींना फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. मॅडम मधूनमधून यायच्या, स्टुलावर बसून पाहायच्या. एकदा म्हणाल्या, "तुमचं आणि आमचं काम सारखंच. शरीर चालू ठेवून आत हात घालायचा."

एप्रिलच्या शेवटी गाडी तयार झाली. मॅडमनी संध्याकाळी न्यायला येते असं कळवलं होतं. मी दुपारी, मुद्दाम भर उन्हात, चाचणीला गाडी काढली आणि दर्यापूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, भेगाळलेली, आणि वर पांढरं आकाश. मी गाडी पळवली. टर्बोचा आवाज शिट्टीसारखा चढला. काटा मधोमध आला आणि तिथेच थांबला. मी एसी फुल्ल केला, चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रेटली, तरी काटा हलला नाही. मी एकटाच गाडीत मोठ्याने हसलो.

दर्यापूरच्या अलीकडे थांबून बॉनेट उघडलं तर पाणी खाली गेलेलं होतं. ते अपेक्षित होतं. नवीन रेडिएटरमध्ये कुठेतरी हवा अडकलेली असते, गाडी चांगली तापली की ती बाहेर निघते आणि पाण्याची पातळी खाली जाते. तेवढं पाणी वरून टाकायचं, की झालं. पण डिस्टिल पाण्याचे कॅन मी गॅरेजवरच विसरून आलो होतो.

रस्त्याला लागून एक शेत होतं. बोअरवर मोटार चालू होती. मी गाडी सावलीत घेतली, इंजिन निवू दिलं आणि शेतातल्या माणसाकडे पाणी मागितलं. त्याने बादली भरून दिली. वर म्हणाला, "पेऊ नका बरं भाऊ, खारं हाय. ढोरंही तोंड लावत नाई."

हा सगळा खारपाण पट्टा. जमिनीत मीठ आहे. हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मला तर उस्तादांनी तोंडावर सांगितलं होतं. मी त्या बादलीतलं पाणी बाटलीने मोजून टाकलं, साडेतीन लिटर. आणि मनाशी ठरवलं, गॅरेजवर गेलं की सगळं काढून टाकायचं, धुवायचं, नवीन भरायचं. तासाभराचं काम होतं.

गॅरेजवर पोचलो तर मॅडम आलेल्या होत्या. सोबत त्यांच्या दोन डॉक्टर मैत्रिणी, गाडी पाहायला आलेल्या. मी उतरलो आणि म्हणालो, "मॅडम, काटा हलला नाही." त्यांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रिणींना म्हणाल्या, "बघा, शोरूमला जे जमलं नाही ते यांनी केलं." माझे हात काळे होते, तरी त्यांनी हात पुढे केला आणि मिळवला. त्या क्षणी "थांबा, मी पाणी चुकीचं टाकलंय, एक तास द्या" असं म्हणणं अवघड होतं. अवघड होतं, एवढंच. अशक्य नव्हतं. मी किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मला ते पाणी आठवलं. मी विसरलो नव्हतो. फोन करता आला असता. मी म्हटलं, पुढच्या सर्व्हिसिंगला काढू.

पुढची सर्व्हिसिंग नोव्हेंबरात आली. तोवर मॅडमनी सगळा उन्हाळा आणि पावसाळा गाडी पळवली होती, काटा एकदाही चढला नव्हता. त्यांच्या ओळखीतून आणखी दोन मोठ्या गाड्या माझ्याकडे आल्या होत्या. उस्तादांकडेही दोन ॲल्युमिनियमचे रेडिएटर गेले, तेही त्यांनी केले आणि मला फोटो पाठवले. मी ऑइल बदललं आणि मग रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी हिरवं असायला हवं होतं. ते गढूळ होतं, तांबूसपणाकडे झुकलेलं. मॅडम दोन पावलांवर उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. आता सगळं पाणी काढायचं तर का काढतोय हे सांगावं लागलं असतं. मी झाकण लावलं.

पाणी पहिल्या दिवशी टाकलं तो घाईतला हलगर्जीपणा होता, असं मी स्वतःला सांगू शकतो. झाकण लावलं त्याला मात्र माझ्याजवळ काही नाव नाही.

मे महिन्यात, सकाळी नऊच्या सुमारास मॅडमचा फोन आला. मूर्तिजापूरच्या पुढे गाडी बंद पडली होती. अकोल्याला त्यांची केस लागलेली होती. कमरेचं हाड मोडलेल्या एका म्हाताऱ्या बाईंचं ऑपरेशन, आणि त्या आदल्या रात्रीपासून उपाशी. मॅडम काळीपिवळी जीपला हात दाखवून तशाच अकोल्याला गेल्या. ऑपरेशन दीड तास उशिराने झालं. ते नीट पार पडलं, पण त्या दीड तासाचा विचार माझ्या डोक्यातून आजही जात नाही. मी त्या म्हातारीला कधी पाहिलेलं नाही.

दुपारी काम आटोपून मॅडम परत त्या जागी आल्या तेव्हा मी गाडी उचलायचं वाहन घेऊन पोचलो होतो. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. मी वाकून पुढच्या जाळीतून पाहिलं. रेडिएटरच्या खालच्या नळ्यांवर पांढरी पापडी धरली होती, मिठाची धरते तशी. नळ्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती. उस्तादांचे जोड मात्र वरपासून खालपर्यंत कोरडे होते, चकचकीत. मी एका नजरेत सगळं ओळखलं.

"काटा तर खालीच होता," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. "मी काट्याकडे बघतच गाडी चालवते. उलट तो नेहमीपेक्षा खाली होता."

पाणी सगळं निघून गेलं की काटा खालीच येतो, कारण तो पाण्याची उष्णता मोजतो आणि पाणीच नसतं. इंजिन आतल्या आत जळत असतं आणि समोर सगळं ठीक दिसतं. हे मी त्यांना सांगितलं.

"पण पाणी गेलं कसं?"

मी म्हणालो, "हाताने बनवलेला माल आहे ना मॅडम तो. वेल्डिंगचं काम..." आणि पुढे बोललो नाही.

"वेल्डिंग सुटलं?"

मी मान हलवली. एवढंच केलं. तोंडाने उस्तादांचं नावही घेतलं नाही. पुष्कळ दिवस मी यावरच स्वतःची समजूत घालत होतो, की मी तसं म्हणालो नव्हतो, त्याच म्हणाल्या.

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात त्या अकोल्याला उस्तादांच्या दुकानात गेल्या. त्या काय बोलल्या ते मला नंतर कळलं. त्या म्हणाल्या, काका, माझं काही म्हणणं नाही, तुम्ही मनापासून केलं होतं, पण या वयात हाताचं सांगता येत नाही, आमच्यातले सर्जनसुद्धा एका वयानंतर थांबतात. दुसऱ्या कुणाला असं व्हायला नको. अगदी मायेने बोलल्या असणार. त्यांचा स्वभावच तसा.

त्याच दिवशी उस्तादांचा फोन आला.

"तो रेडिएटर घेऊन ये बावा. मले पाहाचा हाय, कुठून सुटला."

रेडिएटर माझ्या समोर, भिंतीला टेकवून ठेवलेला होता. ती पांढरी पापडी त्यांनी पाहिली असती तर त्यांना विचारायचीही गरज पडली नसती.

"उस्ताद, तो तं भंगारात गेला."

ते म्हणाले, "काहून देला? मले पाहू द्याचा होता."

"माह्या लक्षात नाई आलं."

फोन ठेवल्यावर तासाभरात मी भंगारवाल्याला बोलावलं आणि तो रेडिएटर खरोखरच देऊन टाकला. बोललेलं खोटं ठरू नये म्हणून. त्याने तो वजनकाट्यावर टाकला तेव्हा मी तोंड फिरवलं.

त्यानंतर मी अकोल्याला जाणं टाळलं. सामान कुरिअरने मागवायचो. गेलो ते थेट ऑक्टोबरात, एका ट्रकवाल्याच्या कामासाठी, आणि त्यांच्या दुकानासमोरूनच जावं लागलं. न थांबता पुढे जाणं जमलं नाही. उस्ताद स्टुलावर बसले होते. दुकानात गर्दी नव्हती. वेल्डिंग मशीनची जागा रिकामी होती, भिंतीवर तेवढा चौकोन उजळ दिसत होता.

"मशीन कुठं गेली?" मी विचारलं.

"देली एका खिडक्यावाल्याले. त्याले कामी येईन." मग त्यांनी समोर पडलेलं वर्तमानपत्र मांडीवर घेतलं, दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरली आणि म्हणाले, "पाय बरं. थरथरते ना?"

मी पाहिलं. हात स्थिर होते. कातडी सुरकुतलेली, अंगठ्यावर जुन्या भाजल्याचा डाग, पण बोटं दगडासारखी स्थिर. वर्तमानपत्राची कडसुद्धा हलत नव्हती.

मी म्हणालो, "वयाच्या मानानं थोडं असतेच, उस्ताद."

त्यांनी मान डोलावली आणि हात मागे घेतले. मी केलेल्या सगळ्या गोष्टींत ही सगळ्यात वाईट. पाणी, झाकण, मान हलवणं, भंगार, हे सगळं घाबरून झालं. हे मात्र त्यांच्या डोळ्यांत पाहून झालं.

काकू आतून पाणी घेऊन आल्या. उस्ताद गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यायले जरा समजाव रे. सकाळी दाढी करत नाई स्वतः, न्हाव्याकडे जाते. स्कूटर चालवणं सोडलं. चहाचा कप दोन हातानं धरते. मोठ्या डॉक्टरले दाखवलं, मशीनमंदी घालून पाह्यलं. त्यानं सांगतलं, हाताले काईच नाई. तं हे म्हणते, डॉक्टरले काय समजते, माह्या हातानं काम बिघडलं ते मले माईत हाय."

मी पाणी प्यायलो आणि निघालो. परतताना मूर्तिजापूरच्या फाटकाशी गाडी थांबवून कितीतरी वेळ नुसताच बसून राहिलो. त्याच वेळी मागे वळायला हवं होतं. मी वळलो डिसेंबरात, दोन महिन्यांनी. मधल्या काळात घरात बायकोला सांगितलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "त्यायले सांगा. मले सांगून काय उपयोग?"

डिसेंबरात एका रविवारी सकाळी मी गेलो. दुकान बंद होतं. उस्ताद अंगणात लिंबाखाली उन्हाला बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. आधीपासून ठरवून गेलेलं एकही वाक्य आठवलं नाही. उलटसुलट बोललो, आधी भंगाराचं, मग पाण्याचं.

मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "किती लिटर?"

"साडेतीन."

"भोकं कुठं पडली? जोडाले का नळीले?"

"नळीले. खालच्या बाजूनं."

"अन् जोड?"

"जोड सारे शाबूत होते उस्ताद. एकही सुटला नवता."

त्यांनी आत वळून हाक मारली. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"आता हिच्यासमोर सांग," उस्ताद म्हणाले. "पयल्यापासून."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी सगळं नीट, क्रमाने आलं. हातांबद्दल विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. काकू उभ्याच होत्या. त्यांनी मला कधी रागाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी त्यांचा आवाज चिरला.

"बारा वर्षं जेवला तू या घरी," त्या म्हणाल्या. "हे हात पाहूनच शिकला ना रे तू? अन् यायनं इचारलं, थरथरते का, तं तुह्यानं खरं बोलवलं नाई?"

मी रडलो. कुणी मला उगी केलं नाही, आणि करायची गरजही नव्हती. उस्ताद म्हणाले, "पानी टाकलं, ते ठीक हाय. चूक होते. म्याही केल्या. पन तो रेडिएटर तू मले पाहू द्याचा होता. तेवढं पाह्यलं असतं तं मी सात महिने आपल्याच हाताकडं पाहत बसलो नसतो."

त्या दिवशी चहा झाला नाही. मी उठलो तेव्हा ते दाराशी आले नाहीत.

त्याच आठवड्यात मी मॅडमना जाऊन सांगितलं, त्यांच्या घरी, बैठकीच्या खोलीत. त्यांनी शांतपणे ऐकलं. इंजिनचं काम मी आधीच करून दिलं होतं आणि बाहेरून मागवलेला तयार रेडिएटर बसवला होता, गाडी व्यवस्थित चालत होती. त्यामुळे त्यांना गाडीचं काही वाटलं नाही. पण त्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

"मी त्यांना काय बोलून आले तुम्हाला माहीत आहे ना?"

"हो."

"मी त्यांच्या तोंडावर सांगितलं की तुमचं वय झालं." त्या खिडकीकडे गेल्या आणि परत आल्या. "आमच्याकडे चूक झाली की ती त्याच दिवशी कागदावर लिहायची असते. पेशंटच्या आधी स्वतःला वाचवायचं नसतं. तुम्ही मला त्या जाळीपाशी वाकून सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं? ओरडले असते दोन मिनिटं."

दुसऱ्याच दिवशी त्या अकोल्याला उस्तादांकडे गेल्या, असं काकूंनी पुढे सांगितलं. दोघं तासभर बोलत बसले. मॅडमनी त्यांची माफी मागितली आणि नवीन रेडिएटर बनवून द्या म्हणाल्या, मशीन मी आणून देते. उस्तादांनी हसून नाही म्हटलं. तयार रेडिएटर चांगला आहे, तो काढू नका, असं सांगितलं. मॅडम आता गाडी नागपूरला एका गॅरेजमध्ये देतात. रस्त्यात दिसल्या तर हात दाखवतात, पण थांबत नाहीत.

उस्ताद स्कूटर चालवायला लागले आहेत. दाढीही घरीच करतात, हे काकूंनी माझ्या बायकोला फोनवर सांगितलं. ॲल्युमिनियमचं काम त्यांनी पुन्हा धरलं नाही. मी एकदा भीतभीत म्हटलं होतं, मी मशीन आणून देतो. ते म्हणाले, "नोको. मन उडालं."

मी वर्षातून तीन-चारदा जातो. पूर्वी ते मला दुरूनच "ये लेका" म्हणायचे. आता "या" म्हणतात, "बसा" म्हणतात, चहाही येतो. बारा वर्षं आणि त्यानंतरची सगळी वर्षं मला "तू" म्हणणारा माणूस मला "तुमी" म्हणतो. त्यात टोमणा नाही. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं ते माझ्याशी नीट बोलतात.

या उन्हाळ्यात एका ट्रॅक्टरचा पितळी रेडिएटर घेऊन गेलो होतो. उस्तादांनी तो उलटापालटा करून पाहिला, खालच्या टाकीशी बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथून गळते. दोन तास लागतीन." मी नेहमीच्या सवयीने आत, हौदाकडे जायला निघालो. त्यांनी वर न पाहता म्हटलं, "तुमी बाहेर बसा. आत गरम होते."

मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. आतून शेगडीचा आवाज येत होता, मग पत्र्यावर ब्रश घासल्याचा. दोन तासांनी त्यांनी रेडिएटर आणून माझ्यासमोर ठेवला आणि जोड तपासून घ्या म्हणाले. मी तपासला. जोड सुरेख होता. मी तसं म्हणालो, तर ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.